विश्वारंभाची साक्ष कोणाच्या बाजूने?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



अभ्यासवर्गात भौतिकवादाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुधा मागच्या रांगेतून येतो. वर्गसंघर्ष समजला, वरकड मूल्य समजले; पण हे जग कोणी केले? विचारणारा कधी माळकरी असतो, कधी नमाजी असतो, कधी कोणत्याच देवळाची पायरी न चढणारा असतो. उत्तर देणारा कार्यकर्ता मात्र ठरीव उत्तर देतो : जग कोणी केलेले नाही, ते अनादि आहे, विज्ञानाने तसे सिद्ध केले आहे. अलीकडे त्यावर लगेच उपप्रश्न येतो. विज्ञान तर म्हणते की १,३८० कोटी वर्षांपूर्वी महास्फोट झाला आणि विश्व जन्मले. मग ते अनादि कसे? आणि जन्म आहे तर जन्मदाता नको काय? येथे कार्यकर्ता अडखळतो. काही जण आवाज चढवून वेळ मारून नेतात, काही जण तो सिद्धान्तच भांडवलशाही विज्ञानाचे पिल्लू आहे असे सांगून मोकळे होतात. या अडखळण्यामागे एक इतिहास आहे. तो बेल्जियम, रोम आणि मॉस्को येथे घडला. त्यात चर्चची चूक आहे, समाजवादी चळवळीची चूक आहे, आणि ज्याने चूक केली नाही असा माणूस नेमका एक पाद्री होता.

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी आपल्या विज्ञान अकादमीपुढे एक दीर्घ भाषण केले. विषय होता आधुनिक विज्ञानाच्या प्रकाशात ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणे. हे भाषण अडाणी माणसाचे नव्हते. तारकासमूह एकमेकांपासून दूर पळत आहेत, किरणोत्सारी द्रव्यांवरून पृथ्वीचे व उल्कापाषाणांचे वय काढता येते, ऊर्जेचा ऱ्हास एकाच दिशेने होतो, हे सर्व त्यात व्यवस्थित मांडले होते. या सर्व धाग्यांवरून पोपमहाराज या निष्कर्षाशी आले की विश्वाला काळात आरंभ आहे, आणि बायबलच्या पहिल्या पानावर ईश्वराने प्रकाशाला जी आज्ञा दिली तिची साक्ष आज विज्ञानच देत आहे. ही प्रमाणे अद्याप निर्णायक नाहीत अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. पण पुस्ती कोण वाचतो? वृत्तपत्रांनी मथळा उचलला : विज्ञानाला देव सापडला. ज्या चर्चने १६३३ साली गॅलिलिओला गुडघ्यांवर बसवून पृथ्वी फिरत नाही असे वदवून घेतले, तेच चर्च आता वेधशाळेच्या दारात प्रमाणपत्र मागायला उभे राहिले. गॅमॉवसारख्या मिस्कील भौतिकशास्त्रज्ञाने तर १९५२ साली आपल्या एका संशोधन-निबंधात पोपच्या भाषणाचाच उतारा अधिकृत आधार म्हणून देऊन टाकला.

हे भाषण ज्याला सर्वांत जास्त खटकले तो त्या सिद्धान्ताचा जनक होता. त्याचे नाव जॉर्ज लमेत्र. जन्म १८९४, बेल्जियममधील कोळशाच्या खाणींच्या शार्लरोआ शहरात. अभियांत्रिकी शिकत असताना पहिले महायुद्ध सुरू झाले. सैन्यात चार वर्षे काढली. युद्धानंतर गणित व भौतिकी घेतले, आणि १९२३ साली धर्मदीक्षा घेऊन तो पाद्री झाला. त्याच वर्षी तो केंब्रिजला एडिंग्टनकडे सापेक्षतावाद शिकायला गेला. १९२७ साली त्याने ब्रुसेल्सच्या एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या शास्त्रीय नियतकालिकात फ्रेंच भाषेत निबंध लिहिला. आइन्स्टाइनची समीकरणे आणि दूरच्या आकाशगंगांचे वेग यांची सांगड घालून विश्व प्रसरण पावत आहे, हे त्यात दाखवले होते. हबलचा प्रसिद्ध निबंध त्यानंतर दोन वर्षांनी, १९२९ साली आला. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने त्या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली ती २०१८ साली. पाद्रीबुवांना न्याय मिळायला ९१ वर्षे लागली. १९२७ च्या ब्रुसेल्स परिषदेत खुद्द आइन्स्टाइनने त्याला तोंडावर सांगितले होते की तुमचे गणित बरोबर आहे, पण भौतिकीची जाण भयंकर आहे. आइन्स्टाइनला स्थिर विश्व हवे होते. ते त्याने कोणत्या धर्मग्रंथातून घेतले नव्हते. ते जुन्या सवयीतून आले होते. सवयीही श्रद्धेइतक्याच चिवट असतात.

मे १९३१ मध्ये लमेत्रने ‘नेचर’ या साप्ताहिकात एक छोटे पत्र प्रसिद्ध केले. विश्व प्रसरण पावत असेल तर मागे मागे जाता ते दाट होत जाणार. सर्व द्रव्य एका आद्य अणूत एकवटलेले असणार आणि त्याच्या विघटनापासून अवकाश व काळ यांना अर्थ प्राप्त झाला असणार, अशी ती कल्पना. महास्फोट सिद्धान्ताचे हे बीज. त्या पत्राच्या मूळ टंकलिखितात शेवटी एक परिच्छेद होता. त्याचा आशय असा की जो ईश्वर मानतो तो ईश्वर गुप्त आहे हेही मानतो, आणि सृष्टीच्या निर्मितीवर भौतिकी कसा पडदा टाकते हे पाहून त्याला समाधानच वाटेल. प्रसिद्ध झालेल्या पत्रात हा परिच्छेद नाही. छापण्यापूर्वी तो खोडलेला आहे. त्या खोडलेल्या ओळींना पोपच्या संपूर्ण भाषणापेक्षा अधिक मोल आहे. पाद्रीने श्रद्धा सोडली नाही, लपवलीही नाही. पण भौतिकीच्या कागदावर तिचे स्थान नाही हे ओळखून त्याने लेखणी फिरवली.

१९५१ च्या भाषणाने तो अस्वस्थ का झाला याची दोन कारणे लक्षात घेतली पाहिजेत.

पहिले कारण शास्त्रज्ञाचे आहे. त्या वेळी हा सिद्धान्त संकटात होता. हबलने मोजलेल्या वेगांवरून विश्वाचे वय सुमारे १८० ते २०० कोटी वर्षे निघत होते, आणि भूगर्भशास्त्रज्ञ खडकांतील युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून पृथ्वीचे वय ३०० कोटी वर्षांहून अधिक सांगत होते. आईपेक्षा लेक मोठी! अशा अवस्थेतील अनुमानावर धर्मपीठाने आपली मोहोर उठवली होती. पुढील वर्षी, सप्टेंबर १९५२ मध्ये, जगातील खगोलशास्त्रज्ञ रोममध्येच जमले असताना वाल्टर बाडे याने जाहीर केले की ज्या ताऱ्यांवरून आकाशगंगांची अंतरे मोजली जात होती त्यांची मोजणीच चुकलेली आहे. अंतरे दुप्पट धरली पाहिजेत. अंतरे दुप्पट झाली तसे वयही दुप्पट झाले. एका सकाळी विश्व दुपटीने जुने झाले, आणि पोपच्या साक्षीदाराने आपला जबाब बदलला. विज्ञानात असे होणारच. ते त्याचे दूषण नव्हे. पण ज्याने आपला देव त्या जबाबावर उभा केला असेल त्याने काय करावे?

दुसरे कारण श्रद्धावंताचे आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने स्पष्ट शिकवले होते की जगाला काळात आरंभ आहे ही गोष्ट तर्काने सिद्ध करता येत नाही, ती केवळ श्रद्धेने मानायची असते. विश्व अनादि असते तरीही ते ईश्वरावर अवलंबूनच राहिले असते. म्हणजे चर्चच्या थोर आचार्याच्या मते देवाला पहिल्या क्षणाची गरजच नव्हती. लमेत्र हे जाणत होता. १९५८ साली ब्रुसेल्सच्या परिषदेत त्याने सांगितले की आपला सिद्धान्त धर्म आणि तत्त्वज्ञान यांच्या प्रश्नांपासून पूर्णपणे अलग आहे, आणि भौतिकवाद्याला ईश्वर नाकारण्याची तो पूर्ण मोकळीक देतो. सप्टेंबर १९५२ मध्ये पोप पुन्हा खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलले तेव्हा त्यांनी आधीच्या वर्षीचा दावा पुन्हा मांडला नाही. चर्चला पुरते शहाणपण यायला आणखी काही दशके लागली; १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकांना लिहिलेल्या पत्रात धर्ममंडनासाठी महास्फोटाचा घाईने व अविचाराने उपयोग करू नका, असे बजावले.

इथपर्यंत कथा कार्यकर्त्याला आवडण्यासारखी आहे. पुढचा भाग तितका सुखाचा नाही, पण तो सांगितलाच पाहिजे.

प्रसरणशील विश्वाचे गणित लमेत्रच्याही आधी ज्याने मांडले तो सोविएत क्रांतीच्या शहरातला माणूस होता. अलेक्झांडर फ्रीडमान पेट्रोग्राडमध्ये हवामानशास्त्र आणि गणित यांवर काम करीत होता. यादवी युद्ध, उपासमार, इंधनाचा दुष्काळ अशा काळात, १९२२ साली, त्याने जर्मन नियतकालिकात दाखवून दिले की आइन्स्टाइनची समीकरणे विश्वाला स्थिर राहण्याची सक्ती करीत नाहीत. ते प्रसरण पावू शकते, आकुंचन पावू शकते. आइन्स्टाइनने आधी त्याची चूक काढली आणि १९२३ साली, चूक आपलीच होती, असे छापून मान्य केले. १९२५ साली ३७ व्या वर्षी फ्रीडमान विषमज्वराने वारला. क्रांतीनंतरच्या विज्ञानाचा हा मानाचा तुरा होता. पुढे त्याचे काय झाले?

जून १९४७ मध्ये सोविएत पक्षाचे विचारसरणीचे सूत्रधार आंद्रेई झ्दानॉव यांनी तत्त्वज्ञांच्या सभेत भाषण केले. आइन्स्टाइनचे अनुयायी विश्वाच्या एका मर्यादित भागाचे नियम अनंत विश्वाला लावतात आणि विश्व सान्त ठरवतात. कोणी मिल्न नावाचा खगोलशास्त्रज्ञ तर जग २०० कोटी वर्षांपूर्वी निर्माण झाल्याचे गणित करून मोकळा झाला आहे, असा त्यांनी उपहास केला. उपहास वावगा नव्हता. ते वय खरोखरच चुकीचे होते. पण झ्दानॉव यांचा आक्षेप वेधांवर आधारलेला नव्हता. विश्व अनंत आणि अनादि असलेच पाहिजे, कारण भौतिकवादाला तसे हवे आहे, हा तो आक्षेप होता. यानंतर कित्येक वर्षे सोविएत देशात विश्वोत्पत्तीशास्त्रावर मोकळेपणाने काम करणे अवघड झाले. प्रसरणाचा उल्लेख करायचा तर तो विश्वाच्या एका भागापुरता करायचा, आणि लमेत्रचा उल्लेख करायचा तर पाद्री म्हणून करायचा. फ्रीडमानचे नाव मागे पडले.

गंमत अशी की याच सुमारास, १९४८ साली, इंग्लंडमध्ये फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी आरंभ नसलेल्या विश्वाचा सिद्धान्त मांडला. हॉईल कट्टर निरीश्वरवादी होता. आरंभाच्या कल्पनेत त्याला धर्माचा वास येत असे. ‘महास्फोट’ हा शब्द त्यानेच मार्च १९४९ मधील बी.बी.सी.वरील भाषणात प्रथम योजला. आता तरी मॉस्कोने टाळ्या वाजवायला हव्या होत्या. पण त्या सिद्धान्तात विश्व प्रसरण पावताना घनता कायम राहावी म्हणून नवे द्रव्य सतत थोडे थोडे निर्माण होते असे गृहीत होते. ते द्रव्याच्या अक्षय्यतेच्या विरुद्ध ठरले. म्हणून तोही चिद्वादी! पाद्रीचा सिद्धान्त नको, नास्तिकाचाही नको. दोन्हींपैकी कोणता खरा हे दुर्बिणीने ठरवायचे असते, एवढी एकच गोष्ट कोणाला सुचली नाही.

येथे एक खुलासा अगत्याचा आहे. १९३६ ते १९३८ या काळात लेनिनग्राडजवळच्या पुल्कोवो वेधशाळेवर धाडी पडल्या, तिचे संचालक गेरासिमोविच यांना १९३७ साली गोळी घालण्यात आली, आणि मात्वेई ब्रॉनश्टाईन या अत्यंत बुद्धिमान तरुण भौतिकशास्त्रज्ञाला फेब्रुवारी १९३८ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, ठार करण्यात आले. हे त्यांच्या विश्वविषयक मतांमुळे झाले असे म्हणणे चूक ठरेल. आरोप राजकीय होते आणि खोटे होते. पण ज्या दशकात माणसे अशी नाहीशी झाली, त्यानंतरच्या दशकात एखाद्या नेत्याने खगोलशास्त्रावर मत दिले की त्याला कोणी प्रतिप्रश्न करीत नाही. झ्दानॉव यांचे भाषण त्या शांततेत ऐकले गेले.

हा अट्टहास मार्क्सवादाच्या मूळ प्रतिपादनातून अपरिहार्यपणे येत होता काय? एंगल्सने द्रव्याची गती अविनाशी आणि चिरंतन मानली हे खरे. पण १९०९ साली लेनिनने भौतिकशास्त्रातील तेव्हाच्या खळबळीचा विचार करताना फार महत्त्वाचा भेद केला होता. अणू फुटतो, इलेक्ट्रॉन सापडतो, वस्तुमान वेगानुसार बदलते, म्हणून द्रव्य नाहीसे झाले असे काही तत्त्वज्ञ म्हणत होते. लेनिनचे उत्तर असे की द्रव्याची रचना कशी आहे हा भौतिकीचा प्रश्न आहे, त्याची उत्तरे बदलत राहणार. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने द्रव्याचा एकच गुण महत्त्वाचा, की ते माणसाच्या जाणिवेबाहेर, तिच्यावर अवलंबून न राहता अस्तित्वात असते. हा भेद लक्षात ठेवला असता तर विश्वाचे वय १,००० कोटी की अनंत या वादात पक्षाला पडण्याचे कारणच नव्हते. माणूस नव्हता तेव्हा विश्व होते, एवढे भौतिकवादाला पुरते. महास्फोट सिद्धान्त तर हेच अधिक ठासून सांगतो.

अखेर निर्णय कसा लागला? कोणाच्याही भाषणाने नाही. १९६४ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात पेन्झियास आणि विल्सन हे दोघे टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत एका शिंगाच्या आकाराच्या मोठ्या आकाशकाने रेडिओ लहरी टिपत होते. यंत्रात बारीक खरखर येत होती. आकाशक कोठेही वळवला, दिवस असो रात्र असो, खरखर तीच. आत कबुतरांनी घरटे केले होते. त्यांना हाकलले, त्यांची विष्ठा घासून काढली, तरी खरखर जाईना. १९६५ साली उलगडा झाला. विश्व एकेकाळी अतिशय तप्त आणि दाट होते, त्या अवस्थेतील प्रकाश प्रसरणामुळे थंड होत होत आज निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे २.७ अंशांवर येऊन पोहोचला आहे आणि सर्व दिशांनी येतो आहे. ती ही खरखर. गॅमॉवच्या सहकाऱ्यांनी १९४८ सालीच असा अवशेष उरला असावा, असे भाकीत केले होते. विश्वातील साध्या द्रव्याचा वस्तुमानाने सुमारे चौथा हिस्सा हेलियम का, याचा हिशोबही याच तप्त अवस्थेवरून लागला. पेन्झियास आणि विल्सन यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लमेत्रला ही बातमी त्याच्या सहकाऱ्याने १९६६ साली, मृत्यूच्या काही दिवस आधी, सांगितली. सोविएत देशातही तोवर वारे पालटले होते. झेल्डोविच आणि त्यांच्या शिष्यांनी या क्षेत्रात पहिल्या प्रतीचे काम केले, आणि फ्रीडमानचे नाव पुन्हा मानाने घेतले जाऊ लागले.

आता हा सिद्धान्त काय म्हणतो आणि काय म्हणत नाही हे कार्यकर्त्याने नीट समजून घ्यावे, कारण वादात अर्धे घोटाळे येथेच होतात. तो म्हणतो की सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी आज दिसणारे सर्व विश्व अतितप्त, अतिदाट अवस्थेत होते आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत व थंड होत आले आहे. पहिल्या काही मिनिटांत हेलियम झाले, सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी प्रकाश मोकळा झाला, पुढे तारे, आकाशगंगा, आणि ४५४ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी. शून्यातून काही निर्माण झाले असे तो म्हणत नाही. रिकाम्या जागेत एखादा बॉम्ब फुटावा तसा तो स्फोटही नव्हता. अवकाशच ताणले गेले. समीकरणे अगदी मागे नेली तर घनता अनंत होते, आणि अनंत आले याचा अर्थ तेथे सिद्धान्त लंगडा पडला, असे शास्त्रज्ञ समजतात. त्या टोकाशी गुरुत्वाकर्षण आणि पुंजवाद यांना एकत्र बसवणारा सर्वमान्य सिद्धान्त अद्याप नाही. पलीकडे काही होते की ‘पलीकडे’ या शब्दालाच अर्थ नाही, हे आज ठरलेले नाही. अज्ञानाच्या या फटीत देव बसवायचा तर बसवणाऱ्याने ध्यानात ठेवावे की फट बुजली की देवाला जागा सोडावी लागते. आणि त्याच फटीत ‘अनादि द्रव्य’ कोंबून विज्ञानाने सिद्ध केले म्हणणाऱ्यानेही तेच ध्यानात ठेवावे.

या इतिहासाशी महाराष्ट्राचा एक जवळचा धागा आहे. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले आणि बनारसला वाढलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉईलचे शिष्य होते. १९६४ साली गुरुशिष्यांनी मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताने जगाचे लक्ष वेधले. १९६५ नंतर बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाकडे गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ साली हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारलेला स्थिरस्थितीचा सिद्धान्त मांडला आणि २०२५ साली मृत्यू येईपर्यंत ते अल्पमतातच राहिले. त्यांची बाजू वेधांपुढे टिकली नाही असेच आज बहुतेकांचे मत आहे. पण हा मतभेद संशोधन-निबंधांत, प्रश्नोत्तरांत, आकड्यांनी लढला गेला. त्यासाठी कोणाला बहिष्कृत करावे लागले नाही, कोणाची नोकरी गेली नाही. याच नारळीकरांनी महाराष्ट्रात फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवून त्या ज्योतिषांपुढे ओळखण्यासाठी ठेवल्या; ज्योतिषांची उत्तरे छापा-काट्यापेक्षा सरस ठरली नाहीत. अंधश्रद्धेशी लढताना त्यांनी आपला वादग्रस्त विश्वसिद्धान्त पुढे केला नाही. कुंडली तपासायला कुंडल्याच घेतल्या.

आता घराकडे वळावे. पोपने १९५१ साली जे केले ते येथे रोज होते. ऋग्वेदातील नासदीय सूक्त पुढे करून, महास्फोट ऋषींना ठाऊक होता असे सांगितले जाते. वास्तविक त्या सूक्ताची थोरवी वेगळीच आहे : ही सृष्टी कोठून आली हे कोणास ठाऊक, वरून पाहणाऱ्यालाही कदाचित ठाऊक नसेल, अशा शंकेवर ते संपते. प्रश्न विचारणाऱ्या कवीला उत्तर देणारा करणे हा त्याचाच अपमान आहे. दुसरे उदाहरण कल्पाचे. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीचे वय ४५४ कोटी. जुळले की नाही? पण पंचांगानेच सांगितलेल्या हिशोबाप्रमाणे चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षेच सरली आहेत. हा आकडा सोडून पूर्ण दिवसाचा आकडा का घ्यायचा? १९४७ साली हीच जुळणी करणाऱ्याला १९७ कोटी अधिक सोयीचे झाले असते, कारण तेव्हा विश्वाचे वय २०० कोटी समजले जात होते. बाण आधी मारायचा आणि वर्तुळ नंतर काढायचे, यात नेम चुकतोच कसा?

परंतु भारतात विश्वोत्पत्तीची जी कथा कष्टकऱ्यांच्या पाठीवर बसली ती नासदीय सूक्ताची नव्हे. ती पुरुषसूक्ताची : मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून राजन्य, मांड्यांपासून वैश्य, पायांपासून शूद्र. मनुस्मृतीचा पहिला अध्याय सृष्टीच्या उत्पत्तीनेच उघडतो, आणि त्या उत्पत्तीच्या ओघातच वर्णांची कामे वाटून दिली जातात. शूद्राच्या वाट्याला सेवा येते. म्हणजे येथे जगाचा आरंभ सांगण्याचे प्रयोजन जग समजून घेणे हे नव्हतेच. कोणी राबावे आणि कोणी खावे याला आकाशातून सनद मिळवणे हे होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळण्यात आला. त्याच वर्षी लमेत्रचा निबंध प्रसिद्ध झाला होता. महाडच्या सत्याग्रहींना त्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते, आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. पायांपासून जन्मल्याची कथा खोटी ठरवायला आकाशगंगांचे वेग मोजावे लागत नाहीत.

जोतीराव फुल्यांनी हे काम त्याच्याही आधी, १८७३ साली, ‘गुलामगिरी’त केले होते. ब्रह्मदेवाच्या चार अवयवांतून चार वर्ण प्रसवल्याच्या कथेची त्यांनी साध्या शेतकऱ्याला सुचतील अशा प्रश्नांनी रेवडी उडवली. पण जोतीराव निरीश्वरवादी नव्हते. ते निर्मिक मानीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात निर्मिक पानोपानी आहे. त्यांच्या निर्मिकाने सर्व माणसांना समान हक्क दिले, मध्ये दलाल ठेवला नाही. त्यांच्या विश्वोत्पत्तीच्या मताशी आजच्या भौतिकवाद्याचे पटणार नाही, पण म्हणून फुले प्रतिगामी ठरतात काय? उलट, विश्वाविषयी अद्ययावत ज्ञान असलेला आणि घरी जात पाळणारा प्राध्यापक पुरोगामी ठरतो काय? आंबेडकरांनी १९५६ च्या धर्मांतरापूर्वीच लिहून पूर्ण केलेल्या आणि १९५७ साली निघालेल्या बुद्धविषयक ग्रंथात भेद केला आहे तो याच जातीचा : जगाचा आरंभ सांगणे हे रूढ धर्माचे काम, जगाची पुनर्रचना करणे हे धम्माचे. बुद्धाने तर जग शाश्वत की अशाश्वत हा प्रश्नच बाजूला ठेवला होता. विषारी बाण लागलेला माणूस बाण कोणी मारला, कोणत्या जातीच्या माणसाने मारला हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणाला तर मरेल, हा दृष्टान्त प्रसिद्धच आहे.

लेनिननेही १९०५ साली, पक्षाच्या कार्यक्रमात नास्तिकतेची अट का घालत नाही, या प्रश्नाचे उत्तर देताना म्हटले होते की स्वर्गाविषयी एकमत होण्यापेक्षा पृथ्वीवरच्या लढ्यातील एकजूट श्रमिकांना अधिक मोलाची आहे. याचा अर्थ विज्ञान गुंडाळून ठेवावे असा त्याने केला नाही. शास्त्रीय दृष्टीचा प्रचार पक्षाने करावा हेही त्याच लेखात आहे. पण प्रचार करायचा तर जे ठाऊक आहे त्याचा करावा. विज्ञानाच्या नावावर अनादित्वाची ग्वाही देणे ही त्याच्या नावावर काढलेली हुंडी आहे, आणि ती १९६५ साली न वटता परत आली.

तेव्हा मागच्या रांगेतून प्रश्न आला की कार्यकर्त्याने घाबरू नये. १,३८० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत मागोवा लागला आहे, तो कसा लागला ते कबुतरांच्या गोष्टीसकट सांगावे. त्यापलीकडचे आज कोणालाच ठाऊक नाही, पोपला नाही आणि पक्षालाही नाही, हे मोकळेपणाने सांगावे. माळकऱ्याने तरीही तेथे विठ्ठल पाहिला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. मात्र कोणी त्या आरंभातून जात, दैव किंवा मालकाचा हक्क काढू लागला तर त्याला तेथेच अडवावे. आणि घड्याळात पाहून वर्गाचा पुढचा विषय, किमान वेतनाच्या थकबाकीचा, सुरू करावा.